चार कॉर्ड आणि एक तानपुरा

उसाचा हंगाम सुरू असला की कुंडलमध्ये रात्री झोप उशिराच लागते. क्रांती कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर आणि प्रत्येक स्पीकरमधून वेगळं गाणं. मागच्या हंगामात बहिणीकडं मुक्कामाला होतो. कॉलेजात शिकणारा भाचा ओट्यावर गिटार घेऊन बसला होता. ट्रॅक्टर पुढं गेला की त्याच्यावरचं गाणं हा आपल्या पट्टीत उचलायचा. हिंदी सिनेमातलं प्रेमगीत झालं, वरातीत वाजणारं झालं, देवीचंही एक झालं. डाव्या हाताची बोटं मात्र त्याच चार आकारांत फिरत होती. सी, जी, ए मायनर, एफ. पुन्हा सी.

बहिणीचे सासरे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. आबा म्हणतात त्यांना सगळे. बराच वेळ ऐकून ते मला म्हणाले, "पाव्हणं, ह्यो चारच जागी हात ठेवतोय आन् सगळी गाणी बसत्यात. मग आमी जन्मभर सुरामागं बोटं पळवली ती कशापायी?"

भाच्याची तक्रार बरोबर उलटी होती. "मामा, लोकांची गाणी बसतात. स्वतःचं करायला गेलो की तेही लोकांचंच वाटायला लागतं." त्याला रॉक गाणं रचायचं होतं. चाल गुणगुणून तयार होती, शब्द अर्धे झाले होते. खाली कॉर्ड कुठल्या टाकायच्या, तिथं गाडं अडलं होतं.

आजोबा आणि नातू, दोघांचा प्रश्न एकच आहे. त्याचं उत्तर शोधायला इंग्लंड-अमेरिकेला नंतर जाऊ. आधी किर्लोस्करवाडीला गाडीत बसून मिरजेला उतरायचं.

एका तारेत किती सूर?

मिरजेत तानपुरे आणि सतारी बनतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडं वळले आणि तिथली गल्लीच्या गल्ली तंतुवाद्यांची झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीत एखाद्या दुकानात तयार तानपुरा कुणी छेडत असेल तर जरा थांबून ऐका. तारा चारच आहेत: एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या, एक खर्जाची. म्हणजे लावलेले स्वर दोनच, सा आणि प. तरी थोड्या वेळानं त्यात एक तिसरा स्वर स्पष्ट ऐकू येतो. तो गंधार. कुणी लावलेला नाही, आपोआप उमटतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तो येतो कुठून? तार छेडली की ती सबंध लांबीनं हलते. पण त्याच वेळी आपल्या अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या, पाचव्या भागातही हलत असते. हिशेबाला सोपं जावं म्हणून खर्जाची तार सेकंदाला 100 वेळा हलते असं धरू. तिच्यातूनच 200, 300, 400 आणि 500 कंपनांचे बारीक आवाजही निघतात. 200 आणि 400 हे वरच्या सप्तकांतले सा. 300 हा पंचम. आणि 500 हा गंधार. साध्या तारेत हे वरचे आवाज दबलेले राहतात. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो. तार त्या माथ्याला हलकेच घासत राहते आणि दबलेले आवाज उघडे पडतात. हीच जवारी. तिची घासणी जमली तर तानपुरा गातो, नाहीतर नुसता वाजतो.

सा, ग आणि प. हे तिघं एकत्र वाजवले की पाश्चात्त्य संगीतात त्याला मेजर कॉर्ड म्हणतात. गिटारवर सी मेजर धरणारा मुलगा तानपुऱ्याच्या पोटात आधीपासून असलेलीच गोष्ट बोटांनी बाहेर काढत असतो. गंधार कोमल घेतला की मायनर कॉर्ड: सा, कोमल ग, प. एवढ्या एका स्वरानं चेहरा उतरतो.

सात स्वरांच्या तीन खोल्या

आता पेटीवर या. बिलावल थाट, म्हणजे सगळे स्वर शुद्ध. कुठल्याही स्वरापासून एक सोडून एक असे तीन स्वर धरायचे. सा-ग-प झाली सा ची कॉर्ड. म-ध-सा झाली म ची. प-नी-रे झाली प ची. या तिन्ही मेजर निघतात. रे, ग आणि ध पासून धरलं तर मायनर निघतात. उरलेल्या नी ची कॉर्ड लंगडी असते. तिचा पंचम तोकडा पडतो, म्हणून तिच्या वाटेला फारसं कुणी जात नाही.

पहिल्या तीन कॉर्डमधले स्वर मोजून बघा. सा, ग, प. म, ध, सा. प, नी, रे. सातही स्वर आले. म्हणजे शुद्ध स्वरांतल्या कुठल्याही चालीचा कुठलाही स्वर या तीनपैकी एका खोलीत राहतोच. तीन कॉर्डवर जगातली निम्मी गाणी का बसतात, याचं गूढ इतकंच आहे. चौथी, ध ची मायनर कॉर्ड (ध-सा-ग), सा च्या कॉर्डशी दोन स्वर वाटून घेते. घर तेच, फक्त दिवा मंद केलेला. भाच्याचे सी, जी, ए मायनर, एफ म्हणजे सा, प, ध, म. बीटल्सचं 1970 चं 'लेट इट बी' याच क्रमानं सुरू होतं आणि बॉब मार्लेचं 'नो वूमन, नो क्राय' याच क्रमावर चालतं. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा त्यात काही दोष नाही.

आपल्या कानांना तर याची सवय फार आधी लागली आहे. मुंबईच्या सिनेमासंगीतात चालीखाली कॉर्ड लिहिण्याचं काम बरंचसं गोव्याहून आलेल्या वादकांनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. 1977 च्या सिनेमातलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं आपण कॉमेडी म्हणून ऐकतो. ते नाव संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला दिलेली मानवंदना होती. आबांच्या पिढीनं रेडिओवर जी गाणी ऐकली त्यांच्या खाली कॉर्ड होत्याच. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, एवढंच.

आउटरला थांबलेली गाडी

कॉर्ड कुठल्या, हे कळलं. क्रम कसा ठरवायचा? इथं पुन्हा रेल्वेच कामाला येते.

सा ची कॉर्ड म्हणजे उतरायचं स्टेशन. आपल्याला मिरजेला उतरायचंय. गाडी सांगली सोडते, विश्रामबाग मागं पडतं आणि मिरजेच्या आउटरला थांबते. सामान दारात आणून ठेवलेलं, स्टेशन समोर दिसतंय, गाडी हलत नाही. प ची कॉर्ड म्हणजे हा आउटर. तिच्यात शुद्ध नी असतो आणि तो सा पासून अर्ध्या सुरावर, अगदी उंबऱ्याशी उभा असतो. कान म्हणतो, आता टाक पाऊल आत. प वरून सा वर आलं की जो सुटकेचा भाव येतो तो त्या अर्ध्या सुराचा.

म ची कॉर्ड वेगळी. तिच्यात सा स्वतः बसलेला आहे. ती घरापासून लांब असूनही घरचं माणूस सोबत असल्यासारखी वाटते, म्हणून तिच्यावरून सा वर येणं मऊ असतं. सुटका नाही, विसावा. ध ची कॉर्ड थोडी फसवी. प वरून सा येणार म्हणून कान तयार असतो आणि गाणारा ध वर जातो. स्टेशन आलं म्हणून उतरलो, बघतो तर माधवनगर.

गाणं रचताना या तीन ओढी कळल्या तरी पुष्कळ झालं. पुढचं काम तपशिलाचं आहे: किती मात्रा कुठं थांबायचं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत समेवर कॉर्ड बदलली तर गाणं ठाम चालतं. समेच्या अर्धी मात्रा आधी बदलली तर ते पुढं झेपावल्यासारखं होतं. रॉकवाले हे सतत करतात. पखवाजाच्या साथीत वाढलेल्या कानाला ते शिकवावं लागत नाही.

मामा, दादा, जावई

नवशिक्याची मोठी चूक अशी की तो आधी कॉर्डचा क्रम ठरवतो आणि मग त्यावर चाल लोंबकळत ठेवतो. माझ्या मते हे उलटं आहे, निदान ज्यांच्या डोक्यात चाल आधी येते अशा आपल्या लोकांसाठी तरी. चाल जिथं थांबते तो स्वर आधी बघायचा. गवई त्याला न्यास म्हणतात.

समजा ओळ सा वर थांबते. सा हा स्वर तीन कॉर्डमध्ये आहे: सा च्या, म च्या आणि ध च्या. स्वर एकच, पण तीन ठिकाणी त्याचं नातं बदलतं. मी माझ्या घरी दादा, कुंडलला आलो की मामा, सासुरवाडीत जावई. माणूस तोच, बसायला काय देतात, कोण काय बोलतं, सगळं वेगळं. सा च्या कॉर्डवर सा हा घरचा कर्ता. म च्या कॉर्डवर तोच सा पंचम होतो, मोकळा आणि उंच वाटतो. ध च्या कॉर्डवर तो कोमल गंधार होतो आणि त्याच स्वरात हुरहूर येते.

गाणं रचणाऱ्याच्या हातातलं खरं हत्यार हे आहे. पहिल्या कडव्यात ओळ जिथं संपते तिथं सा ची कॉर्ड ठेवा, दुसऱ्या कडव्यात चाल तशीच ठेवून खाली ध ची ठेवा. शब्द न बदलता अर्थ बदलतो. क्रम पाठ करून हे येत नाही. ओळीचा शेवटचा स्वर लांब धरायचा आणि त्याखाली तिन्ही कॉर्ड एकामागून एक वाजवून बघायच्या. भाच्याला मी एवढंच करायला सांगितलं. अर्धा तास तो एकच ओळ म्हणत होता. बहिणीनं शेवटी आतून विचारलं, "याला झालंय काय?"

गिटारचा गंधार जरा चढा

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही गाण्याला लागू आहे. रॉकची गोष्ट वेगळी होते ती विजेच्या गिटारमुळं, आणि तिथं पुन्हा सांगली-मिरजेचीच माणसं मदतीला येतात.

तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार षड्जाच्या सव्वापट, 1.25. पेटीवरचा आणि गिटारवरचा गंधार 1.26. हा फरक का पडला? कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून सप्तकाचे सारखे बारा भाग केले, म्हणून. गिटारचे पडदे घोडीकडं जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात आणि बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. त्यांची अंतरं याच बारा भागांच्या हिशेबानं पडतात. या सोयीची किंमत गंधारानं मोजली. पंचमाचं फारसं बिघडलं नाही: खरा 1.5, गिटारवरचा 1.498.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हेच मोजत बसले होते. पुढं मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर तपासून त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि 1910 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याच वर्षी इकडं लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारत होते, ज्यामुळं पुढं स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं. पेटीच्या या चढ्या गंधारावरून पुढं मोठे वाद झाले. पेटी आपल्या गाण्याला मानवत नाही असं ठरवून ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये तिला बाहेरची वाट दाखवली. ती बंदी 1971 मध्ये सैल झाली. आबांना हे माहीत होतं. "आमच्या पेटीला सरकारनं तडीपार केल्याली," असं ते आजही अभिमानानं सांगतात.

साध्या, बिनविजेच्या गिटारवर गंधाराचा हा चढेपणा कानाला खुपत नाही. आवाज फाडला की मात्र तो उघडा पडतो.

स्पीकर फाडणारी माणसं

1958 मध्ये लिंक रे नावाच्या अमेरिकी वादकानं 'रंबल' नावाची धून काढली. आवाज खरखरीत व्हावा म्हणून त्यानं स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली होती, असं सांगतात. धुनेत एकही शब्द नाही, तरी काही अमेरिकी रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. (रेडिओवाले सगळीकडं सारखेच.) 1964 मध्ये लंडनच्या 'द किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिस या पोरानं आपल्या छोट्या स्पीकरचा पडदा दाढीच्या ब्लेडनं चिरला. त्या फाटक्या आवाजाला डिस्टॉर्शन म्हणतात. आज त्यासाठी पायाखाली पेडल मिळतं, स्पीकर चिरावा लागत नाही.

डिस्टॉर्शन करतं काय? जवारी जे घासून करते, तेच हे वीज कोंबून करतं: तारेतले दबलेले वरचे आवाज वर आणतं. पण ते आणखी एक काम करतं, जे तानपुरा करत नाही. दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या कंपनांतल्या फरकाइतका एक नवा, खालचा आवाज तयार करतं. हिशेब मांडू. सा 100, प 150. फरक 50. हा 50 म्हणजे खालच्या सप्तकातला सा. गिटारवर न वाजवलेला, खोल, छातीत घुमणारा सा फुकटात मिळाला.

आता मध्ये गंधार घाला. गिटारवरचा गंधार 126. सा पासून त्याचा फरक 26, पंचमापासून 24. हे दोन खालचे आवाज एकमेकांशी जुळत नाहीत. दोन बैल दोन दिशांना ओढतात आणि सगळा घुमारा गढूळ होतो. तानपुऱ्यातला 125 चा गंधार असता तर दोन्ही फरक 25 आले असते आणि बैल एका चाकोरीत चालले असते.

म्हणून रॉकच्या वादकांनी गंधार काढूनच टाकला. उरले सा आणि प, वर हवा तर आणखी एक सा. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. जाड तारांवर पहिलं आणि तिसरं बोट ठेवायचं, आणि तोच आकार गिटारच्या दांडीवर वरखाली सरकवायचा. आता तानपुऱ्याच्या तारा आठवा: पंचम आणि षड्ज. जगातली सगळ्यात दांडगट मानली जाणारी कॉर्ड आणि मिरजेचा तानपुरा यांत स्वर तेच आहेत, घासून उघडे केलेले आवाजही त्याच जातीचे आहेत. फरक एवढाच की तानपुरा जागचा हलत नाही आणि पॉवर कॉर्ड चालते.

कारखान्यांच्या भागातल्या वाचकाला टोनी आयोमीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैलही केल्या. सैल तारांवर दोन बोटांनी वाजवलेल्या त्या जड पॉवर कॉर्डमधून 'ब्लॅक सबाथ'चा आवाज तयार झाला आणि हेवी मेटल नावाचा सगळा प्रकार त्यामागं आला. कॉर्ड निवडताना बोटांना काय झेपतं हेही धरावं लागतं. त्यात कमीपणा नाही.

गंधार गाणाऱ्याकडं

गंधार गेल्यानं एक मोठी मोकळीक मिळते. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारानं ठरतं. तोच नाही, म्हणजे गाणारा शुद्ध गाओ, कोमल गाओ, दोन्हींच्या मधला गाओ. खालून कुणी हटकत नाही. रॉकच्या आधीचे अमेरिकी ब्लूज गाणारे गंधार असा मधेच कुठंतरी घेतात. आपल्या गळ्यालाही ही सवय आहे, म्हणून भरलेल्या सहा तारांच्या कॉर्डपेक्षा पॉवर कॉर्डवर मराठी चाल जास्त मोकळी चालते, असं माझं मत आहे.

दुसरी मोकळीक क्रमाची. रॉकला आउटरवरून घरी यायची फारशी हौस नसते. शुद्ध नी उंबऱ्याशी येऊन अजिजी करतो. रॉक कोमल नी पसंत करतं, जो सा पासून पूर्ण सुरावर असतो आणि ढांग टाकून घरात येतो. सा, कोमल नी, म हा क्रम घ्या: गिटारवर ई, डी, ए. एसी-डीसीचं 1980 चं 'बॅक इन ब्लॅक' याच तिघांवर उभं आहे. पेटीवाल्यानं याला खमाजाची वाट म्हणावं. मायनरमध्ये सा, कोमल नी, कोमल ध, पुन्हा कोमल नी, म्हणजे ए मायनर, जी, एफ, जी, हा उतरून चढणारा जिना बॉब डिलनच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'मध्ये आहे. 1968 मध्ये जिमी हेंड्रिक्सनं तो पेटवला. ही आसावरीची वाट. आणि बारा आवर्तनांचा जुना ब्लूज बघा: चार सा ची, दोन म ची, दोन सा ची, मग प, मग म, आणि शेवटी दोन सा ची. प वरून सरळ घरी न येता तो म वरून वळसा घालून येतो. ही खोड रॉकला तिथूनच लागली.

एकाच कॉर्डवर राहणं हाही निर्णय असू शकतो. जॉन ली हूकरचं 1948 चं 'बूगी चिलन' एका कॉर्डवर चालतं. आपल्याकडं याचं आश्चर्य वाटायला नको. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडे गायले तेव्हा खाली होतं काय? डफ, आणि तुणतुण्याची एक तार. एका सा वर सभा उठवणाऱ्यांचा हा मुलूख आहे.

भाच्याची चाल कुठं अडली होती

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याला म्हटलं, गिटार ठेव, नुसती चाल गा. आबांनी पेटीवर मागून धरली. दोन ओळींत आबा थांबले. "अरं, ह्यो तर भूप हाय."

चालीत म नव्हता, नी नव्हता. सा, रे, ग, प, ध. लहानपणापासून आजोबांच्या भजनात बसलेल्या पोराच्या गळ्यातून दुसरं काय येणार? आणि तो खाली वाजवत होता काय: एफ, म्हणजे म-ध-सा; जी, म्हणजे प-नी-रे. चालीनं बाहेर ठेवलेले दोन पाहुणे कॉर्डनं मागच्या दारानं आत घेतले होते. गाणं लोकांचं वाटत होतं ते यामुळं.

आता पॉवर कॉर्ड लावून बघा. सा ची: सा-प. रे ची: रे-ध. प ची: प-रे. ध ची: ध-ग. चारही भूपाच्या हद्दीत. फक्त ग ची चालत नाही, कारण तिचा पंचम शुद्ध नी. म्हणजे भूपातल्या चालीखाली चार पॉवर कॉर्ड बिनधास्त फिरू शकतात आणि एकही परका स्वर येत नाही. भजनी मंडळाची पट्टी काळी चार. तिथं गिटारवर सा ची पॉवर कॉर्ड सहाव्या तारेच्या चौथ्या पडद्यावर, रे ची त्याच तारेच्या सहाव्यावर, प ची पाचव्या तारेच्या सहाव्यावर आणि ध ची पाचव्या तारेच्या आठव्यावर.

मर्यादाही सांगून ठेवतो. भैरवीतली मींड असलेली चाल किंवा कोमल ऋषभ जिथं हेलकावे घेतो ती जागा कुठल्याही कॉर्डखाली ठेवली की खिळा मारल्यासारखी होते. तिथं हात उचलून घ्यावा आणि नुसता सा धरावा. पेटीच्या वादात जे शहाणे होते त्यांचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं होतं.

> चौकट: पहिलं गाणं करताना
>
> मोबाइलवर तानपुरा लावा आणि आपल्या पट्टीत चाल गाऊन रेकॉर्ड करा. गिटार अजून भिंतीलाच असू द्या.
>
> ऐकून चालीतले स्वर लिहा. न आलेले स्वर कुठले, ते आधी बघा. ते आणणाऱ्या कॉर्ड तूर्त बाजूला ठेवा.
>
> प्रत्येक ओळीचा थांबण्याचा स्वर घ्या आणि तो ज्या कॉर्डमध्ये आहे त्या सगळ्या त्याच्याखाली वाजवून बघा. शब्दाला शोभेल ती ठेवा.
>
> शेवट ठाम हवा तर प वरून सा. मऊ हवा तर म वरून. रांगडा हवा तर कोमल नी वरून.
>
> डिस्टॉर्शन लावणार असाल तर गंधार गळ्यावर सोडा.
>
> उघड्या तारांच्या कॉर्ड हव्या असतील तर कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लावा: काळी चार साठी चौथ्या पडद्यावर कॅपो आणि ई चा आकार.

गाणं परवा पूर्ण झालं. नोकरीसाठी पुण्याला निघालेला पोरगा किर्लोस्करवाडीच्या फलाटावर उभा आहे, असं काहीसं आहे ते. कडव्याखाली सा आणि ध, ध्रुवपदाला प. रे ची कॉर्ड भाच्यानं करून पाहिली आणि काढून टाकली. भजनी मंडळाच्या खोलीत आबांनी पेटीवर सा-प धरला, पोरानं पेडल दाबलं आणि खिडकीची तावदानं थरथरली. आबा एवढंच म्हणाले, "पट्टी बरोबर हाय. आवाज जरा कमी कर, शेजारी आजारी माणूस हाय."